स्लॅशकाका

शेजारचे सोहोनीकाका निरोप घेताना "येतो" म्हणत नाहीत. दारात उभे राहतात, उजव्या हाताच्या बोटानं हवेत एक तिरकी रेघ ओढतात आणि म्हणतात, "स्लॅश." मग चपला घालून जातात. नव्या पाहुण्यांना वाटतं, माणूस काहीतरी वाईट बोलून गेला. माझ्या सासूबाई पहिल्यांदा देवासला आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की हे गृहस्थ कोणत्या पंथाचे.

पंथच म्हणायचा तो. काकांचं म्हणणं असं, की जे उघडलं ते मिटवलंच पाहिजे, आणि जे शेवटी उघडलं ते आधी मिटवलं पाहिजे. हा नियम वेबपेज लिहिण्याचा आहे, संसाराचा नाही, असं सांगायला गेलं की ते आपल्याकडे दयेनं बघतात. वेबपेजच्या पाठीमागे एचटीएमएल नावाची एक लिखावट असते. तिच्यात टोकदार कंसात खुणा घालतात, त्यांना टॅग म्हणायचं. अक्षरं ठळक करायची तर एक टॅग उघडायचा, ठळकपणा थांबवायचा तर तोच टॅग पुन्हा, फक्त त्यात एक तिरकी रेघ जास्त. ती रेघ म्हणजे स्लॅश. संपलं. एवढ्याशा रेघेवर या माणसानं आपलं अख्खं म्हातारपण उभं केलंय.

बोलणंही त्याच चालीचं. मागे एकदा गॅस सिलिंडरचं काहीतरी सांगायला आले. सिलिंडरवरून गाडी सोनकच्छच्या बसवर गेली, बसमध्ये जुना सहकारी भेटला, सहकाऱ्यावरून त्याच्या जावयाचं पोटाचं दुखणं निघालं. दुसरा कुणी असता तर तिथेच वाहून गेला असता. काका नाही. "जावयाचं पोट, स्लॅश. सहकारी, स्लॅश. बस, स्लॅश. तर आमचा सिलिंडर संपलाय, तुमच्याकडे जादाचा आहे का?" तोवर इकडे माझी भाजी करपलेली असते, पण गोष्ट मात्र एकही अर्धी राहिलेली नसते.

देवासात सकाळी पोहे आणि जलेबी बरोबरच खातात, एक घास तिखट, एक गोड. काकांना ते चालत नाही. पोहे खाताना जलेबीला हात लावला म्हणजे पोह्यांच्या आत जलेबी उघडली, आणि आता ती पूर्ण संपल्याशिवाय पोह्यांकडे परतायचं नाही. कोपऱ्यावरचा पोहेवाला त्यांना लांबून बघूनच दोन वेगळे द्रोण मांडतो आणि ओरडतो, "आओ साब, आपका टॅग तैयार है." काका त्याला मान देतात. त्यांच्या मते अख्ख्या कॉलनीत तोच एक समजूतदार आहे.

आमच्या सत्यनारायणाला तर कहर केला. गुरुजींनी आधी गणपतीला बोलावलं, मग वरुणाला, मग नवग्रहांना, आणि शेवटी सगळ्यांवर एकदमच अक्षता टाकून विसर्जन उरकलं. काकांनी तिथेच हात वर केला. म्हणे, ज्यांना शेवटी बोलावलं त्यांना आधी निरोप द्या, गणपती सर्वांत बाहेरचा, तो शेवटी. गुरुजी तापले. देवांना आपापली वाट माहीत आहे, असं म्हणाले. त्यावर काका शांतपणे म्हणाले, "ब्राउझरबद्दलही लोक असंच बोलतात. चुका पोटात घालतो म्हणून कशाही करायच्या का?" गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, की हा ब्राउझर कोण.

काका इथल्याच एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होते. आयुष्यभर त्यांनी दातेरी चाकं पास-नापास केली. नोकरी संपली, नापास करायची सवय संपली नाही. सुमनकाकू होत्या तोवर ती सवय घरात मुरायची, त्या एक चकली पुढे करून त्यांना गप्प बसवायच्या. काकू गेल्या, काका एकटेच बसून एचटीएमएल शिकले आणि त्यांचा मोर्चा आमच्या वेबसाइटवर आला.

आमचा म्हणजे इथल्या मराठी समाजाचा एक वेबसाइट आहे. (वेबसाइट 'तो' की 'ती' यावर आमच्यात अजून एकमत नाही, ते सोडा.) कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, हळदीकुंकू, दहावीचे निकाल, कोण गेलं, असा सगळा मजकूर. मी समाजाची चिटणीस. शाळेत गणित शिकवते तेही हिंदीतून, तेव्हा माझ्या मराठीबद्दल कुणी फार आशा ठेवू नये. मजकूर मी जमवते, टाइप करून जो तो आपापला पाठवतो.

एकदा समाजाची सहल रद्द झाली, म्हणून कुणीतरी सहलीच्या बातमीवर काट मारली. म्हणजे काट मारायचा टॅग उघडला, आणि मिटवायचा विसरला. मग काय, सहलीपासून खाली सगळ्या पानावर काट. खाली नवं कार्यकारी मंडळ होतं आणि त्यात पहिलंच नाव अध्यक्ष महाडिकसाहेबांचं, त्यावर मधोमध आडवी रेघ. साहेबांना वाटलं विरोधी गटानं डाव साधला. राजीनाम्याची भाषा सुरू झाली, महाडिकवहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं. काका आले, चष्मा नाकावर सरकवला, एक स्लॅश टाकला आणि साहेब पुन्हा अध्यक्ष झाले. त्या दिवसापासून पान काकांच्या ताब्यात गेलं आणि पोरांनी त्यांना स्लॅशकाका करून टाकलं.

साहेब आणि काका यांचं मात्र त्यानंतरही जमलं नाही. साहेबांचं एकच वाक्य, तेही इंदुरी थाटात, "दिसायला नीट आहे ना भिया? मग झालं." आणि पान लिहायचा जो एडिटर असतो ना, तोही साहेबांच्याच पार्टीचा. वरून सगळं गोड, ठळकचं बटण, रंगाचं बटण. पाठीमागे तो स्वतःच्या मनानं वाट्टेल ते टॅग कोंबतो. आपण एक ओळ सोडली की हा रिकाम्या परिच्छेदांची रांग लावतो. आपण हातानं एखादा शहाणा टॅग लिहावा, तर जतन करताना हा तो परका समजून गुपचूप काढून टाकतो. काका त्याच्याशी भांडायचे, अगदी मोठ्यानं, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "अरे गाढवा, मी लिहिलंय ते." मी म्हणायचे, काका, कशाला जीव जाळता, दिसतंय ना नीट. मग ते माझ्याकडे वळायचे आणि म्हणायचे, "दिसतंय. पण अक्काला दिसत नाही."

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. धारला दिलेली, दरबाराबरोबर आलेल्या जुन्या घराण्यात. त्या घरात अजून 'जिना' म्हणत नाहीत, 'दादर' म्हणतात, आणि सुनेनं 'चाय' म्हटलं तर अक्का ऐकूच आलं नाही असं करतात. काचबिंदूनं अक्कांची दृष्टी गेली. वाचनाचा भयंकर नाद, आणि घरात मराठी वाचून दाखवणारं कुणी नाही. नातवंडं हिंदी शाळेतली, एकेक अक्षर लावत वाचतात. सून बिचारी वाचते, पण अक्का तिला दर शब्दाला अडवतात. म्हणून काका रोज संध्याकाळी धारला फोन लावून समाजाचं पान वाचून दाखवायचे. बारशापासून श्रद्धांजलीपर्यंत, एक अक्षर न गाळता. सगळ्या गल्लीला पाठ व्हायचं.

पण अक्का पडल्या मानी. त्यांना स्वतः वाचायचं होतं. मनात येईल तेव्हा, पाहिजे ते दोनदा, कुणाचे उपकार न घेता. सुनेनं त्यांच्या फोनवर पान वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. तो आवाज आमचं मराठी पान हिंदीत वाचायचा. म्हणजे शब्द मराठी, उच्चार हिंदी, आकडे तर सरळ हिंदीच. अक्कांनी ऐकलं आणि फोन उशीखाली कोंबला. काकांना म्हणाल्या, "दिगू, हा मला माझी भाषा चिडवून दाखवतो." हे वाक्य काकांना फार लागलं. त्यांनी मनावर घेतलं, की आपलं पान अक्काला मराठीतूनच ऐकू आलं पाहिजे.

त्याची किल्ली होती एका टॅगमध्ये. पानाची भाषा कोणती ते सगळ्यात वरच्या टॅगमध्ये लिहायचं असतं. वाचणारा फोन ते बघून आवाज निवडतो. आमच्या पानाच्या कपाळावर लिहिलं होतं हिंदी. का, तर पान सुरू करणाऱ्यानं विचार केला, आपण मध्य प्रदेशात. काकांनी सगळ्या सेटिंगा उलथ्यापालथ्या करून ते मराठी केलं, आणि मला बरोबर घेऊन धारला निघाले. इंदूरला बस बदलेपर्यंत त्यांनी मला टॅगांबद्दल इतकं सांगितलं, की माझ्या शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

अक्का पलंगावर ताठ बसल्या होत्या. सून, नातवंडं सगळी जमली. काकांनी फोनवर मराठी आवाज बसवला, पान उघडलं. फोननं पहिल्यांदा समाजाचं नाव घेतलं, अगदी शुद्ध, खणखणीत मराठीत. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग बातमी सुरू झाली आणि आवाज बदलला. "स्पर्धेत सैंतीस मुलांनी भाग घेतला. बक्षीस वितरण झालम्."

झालम्. शेवटच्या टिंबाचा त्यानं सरळ म् केला होता. पोरं तोंडावर हात धरून बसली.

"सैंतीस मुलांनी म्हणे," अक्का म्हणाल्या. "दिगू, हा फोन तुमच्या देवासचाच दिसतो."

सगळे हसले, मीही हसले, कारण सदतीस म्हणायला मलाही थांबून विचार करावा लागतो. काका हसले नाहीत. परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत, आणि काका गप्प बसलेले मला बघवत नाहीत, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी पान पोटापर्यंत चिरलं. वरचा टॅग मराठीच होता. पण आतमध्ये जवळजवळ प्रत्येक वाक्याभोवती एकेक बारका टॅग चिकटलेला, आणि प्रत्येकावर शिक्का हिंदीचा. आतल्याचं म्हणणं बाहेरच्यापेक्षा जवळचं, म्हणून फोन आतल्याचं ऐकायचा. हे आले कुठून? काकांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि म्हणाले, एक वाक्य टाइप कर. मी केलं. "आता कोपऱ्यात बघ, कीबोर्ड कोणता आहे." हिंदी. मग त्यांनी एकेकाला विचारलं. सगळ्या समाजाचा कीबोर्ड हिंदी. देवनागरी ती देवनागरी, दोन कशाला ठेवायचे, असं म्हणून आम्ही सगळे वर्षानुवर्षं मराठी बातम्या हिंदी कीबोर्डवर बडवत होतो. आम्ही ज्यात टाइप करायचो ते वर्ड बिचारं इमानदारीनं प्रत्येक वाक्यावर शिक्का मारत होतं, आणि एडिटर, जो काकांचा शहाणा टॅग फेकून द्यायचा, त्यानं ही सगळी घाण मात्र जपून ठेवली होती.

पुढचे काही आठवडे काका घरोघर फिरले. ज्याच्या घरी जायचे त्याचा कॉम्प्युटर मागायचे, मराठी कीबोर्ड घालून द्यायचे. आमच्या समाजातल्या बायकांनी त्यांना पोहे केले, चिवडा दिला, आणि पाठीमागे त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं एकमतानं ठरवलं. मी त्यातल्या एकीशी तोंडावर भांडले. म्हटलं, वहिनी, तुमची आई आंधळी झाली आणि तिला फोन चिडवायला लागला तर तुम्ही काय करून राहाल? त्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी कीबोर्ड बदलला.

अडले ते महाडिकसाहेब. सगळ्यात लांब मजकूर त्यांचा असतो, अध्यक्षीय मनोगत. "अहो दिगंबरराव, लिपी एकच. क्या फरक पडता है?" काकांनी वाद घातला नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत नवलच. खिशातून फोन काढला, साहेबांचं मनोगत उघडलं, टेबलावर ठेवलं. आवाज सुरू झाला. "समाजानम् मला मोठम् केलम्. माझम् सगळम् आयुष्य समाजाचम् आहे." साहेबांचा चेहरा उतरत उतरत टायपर्यंत आला. त्यांनी विचारलं, हे असं धारपर्यंत ऐकू जातं का. काका म्हणाले, अमेरिकेपर्यंत जातं. साहेबांनी तिथल्या तिथे कीबोर्ड बदलून घेतला.

जुनी पानं काकांनी हातानं स्वच्छ केली. एकेक शिक्का काढला. डोळ्यांत औषध घालून बसायचे, पण कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग कार्यकारिणीची बैठक आली. त्या दुपारीच नवं पान चढलं होतं आणि बैठकीमुळे काकांनी अजून ते अक्कांना वाचून दाखवलं नव्हतं. धारला पुन्हा जाऊन तपासायचं धैर्यही त्यांना होत नव्हतं. बैठकीत साहेब वर्गणीवर बोलत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"अध्यक्ष बोलताहेत का?" पलीकडून एका बाईचा करडा आवाज. "मी धारहून बोलते. तुमच्या पानावर वर म्हटलंय हळदीकुंकू मंगळवारी आणि खाली म्हटलंय बुधवारी. बायकांनी यायचं कधी?"

मी पान उघडलं. खरंच की. चूक माझ्याच नाकाखालची. पण कुणाचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. काका खुर्चीतून अर्धवट उठले होते, टेबल घट्ट धरून.

"अक्का, नमस्कार," साहेब म्हणाले. "हे तुम्हाला दिगंबररावांनी वाचून दाखवलं ना?"

"दिगू कशाला वाचेल? तो बैठकीत तुमच्यापुढे बसलाय. मी वाचलं. खाली तुमचा नंबर होता, तोही वाचला. सदतीस शेवटी आहे, बरोबर ना?"

सदतीस. फोननं अक्कांना 'सैंतीस' नाही, 'सदतीस' म्हटलं होतं. सगळ्या बैठकीनं टाळ्या वाजवल्या, टेबलं बडवली. साहेबांनी, त्याच साहेबांनी, उठून काकांना मिठी मारली आणि कचोऱ्या मागवल्या. काका नुसते सगळ्यांकडे बघत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. वर्गणीचा विषय त्या दिवशी झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भुट्ट्याचा कीस घेऊन त्यांच्याकडे गेले. वाटलं, माणूस जिंकलाय, अजून हवेत असेल. काका खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर वाचायचा चष्मा, समोर पान उघडलेलं, आणि हातात फोन. ही त्यांची धारला फोन करायची वेळ. लावत नव्हते.

"तिचं वाचून झालं असेल," ते म्हणाले. "आता मी फोन करून काय वाचणार, मंजिरी?"

इतके दिवस आम्ही सगळे अक्कांच्या डोळ्यांचा विचार करत होतो. या माणसाच्या संध्याकाळींचं काय होणार हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही नाही. आणि तेवढ्यात फोन वाजला. अक्कांचा होता. कान थोडे जड म्हणून काका नेहमीच स्पीकर लावतात.

"दिगू, फोन का नाही केलास?"

"तुला वाचता येतं ना आता."

"वाचायचं ते हा वाचेल. सुमन गेल्यापासून तू मला रोज गावभराच्या बातम्या दिल्यास. तुझी एकही दिली नाहीस." अक्कांनी विचारलं, "काय जेवलास?"

"खिचडी."

"काल?"

काका म्हणाले, "खिचडीच. मला दुसरं काही येतच नाही, अक्का. घर फार गप्प झालंय गं."

"बोल," अक्का म्हणाल्या. "मी ऐकते आहे."

काकांनी वाचायचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोलायला लागले.